कायद्याच्या सांदीतला नायक : सुपे-इंदापूरचा मुलूख आणि मराठी अद्भुत गुन्हेकथा

मंत्र, करणी, पिशाच्च किंवा तत्सम मानवी आवाक्याबाहेरच्या साधनाने घडलेला गुन्हा ज्या कथेच्या केंद्रस्थानी असतो तिला अलौकिक गुन्हेकथा म्हणता येईल, आणि अशा कथेचा नायक बहुतेक वेळा कायद्याच्या चौकटीबाहेर उभा असलेला दिसतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतील व्हॅन हेल्सिंग आणि त्याचे सोबती थडगी उघडतात, प्रेताची विटंबना करतात आणि लंडनमधल्या परक्या घरात कुलूपवाल्याला हाताशी धरून दिवसाढवळ्या शिरतात. २००५ ते २०२० या काळात चाललेल्या ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेतले विंचेस्टर बंधू खोटी ओळखपत्रे आणि बनावट क्रेडिट कार्डे यांच्या आधारावर गावोगाव भुतांचा बंदोबस्त करत हिंडतात. ही पात्रे स्वभावाने बंडखोर असल्यामुळे अशी वागतात, ही समजूत वरवरची आहे. न्यायालयाला जो गुन्हा दिसूच शकत नाही त्याचे पारिपत्य करण्याची परवानगी न्यायालय कोणालाही देऊ शकत नाही, हे त्यामागचे खरे कारण होय. त्यामुळे या नायकाचा इतिहास काही अंशी पुराव्याच्या कायद्याचा इतिहास ठरतो, आणि तो मराठीपुरता तपासायचा तर पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा बारामती-इंदापूर हा मुलूख त्यासाठी विशेष सोयीचा आहे, कारण पुराव्याची जुनी आणि नवी अशा दोन्ही व्यवस्था या भागाने ठळकपणे अनुभवल्या.

कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधला हा पठारी, कमी पावसाचा प्रदेश सतराव्या शतकात शहाजीराजांच्या पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण या जहागिरीत मोडत होता. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. मराठा अमदानीत इथले वतनाचे, हद्दीचे आणि चोरीचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि वादी-प्रतिवादींचे भाऊबंद यांच्या सभेपुढे चालत, आणि निवाडा झाला की सर्वांच्या साक्षीने ‘महजर’ नावाचा निवाडपत्राचा कागद लिहिला जाई. साक्षीदार आणि कागदपत्रे यांनी निकाल लागला नाही तर दिव्य करण्याची सोय होती. दिव्य म्हणजे देवतेला साक्ष ठेवून शरीराची परीक्षा देणे. त्यातल्या रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, उघड्या हाताने काढावा लागे, मग हात पिशवीत घालून तिच्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी ती उघडून हाताला इजा झाली आहे की नाही हे पाहून खरे-खोटे ठरवीत. त्याहून सौम्य प्रकार म्हणजे बेल-भंडार उचलून शपथ घेणे. खंडोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून खोटे बोलणाऱ्याचे वंशासकट वाटोळे होते अशी लोकांची पक्की समजूत असल्याने जेजुरीच्या जवळच्या या टापूत ही शपथ पुष्कळदा पुरेशी ठरत असे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात या पद्धतींची कागदपत्रांच्या आधारे चिकित्सा केली आहे, तर पेशव्यांच्या छापील रोजनिशींत चेटूक केल्याच्या आरोपावरून सरकारने शिक्षा दिल्याच्या नोंदी सापडतात.

या व्यवस्थेच्या क्रौर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि चेटकाच्या आरोपाखाली बहुधा दुबळ्याच माणसांचा बळी जाई हेही उघड आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब मात्र वेगळी आहे. जिथे दैवी साक्ष हा दरबारमान्य पुरावा होता आणि करणी हा सरकारदरबारी नोंदला जाणारा गुन्हा होता, तिथे त्यासाठी कायद्याबाहेरच्या स्वतंत्र नायकाची गरजच निर्माण होत नव्हती. देव स्वतः साक्षीदार होता आणि सरकार स्वतः मांत्रिकाला पकडत होते.

कायद्याच्या अक्षरांत सापडलेल्या न्यायाला वाट काढून देणारा नायक पुराणकथेत मात्र होता, आणि त्याचे ठाणे याच मुलखात आहे. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा यांच्या संगमावर वसलेले नीरा नरसिंहपूर हे नरसिंहाचे क्षेत्र अनेक मराठी घराण्यांच्या कुलदैवताचे ठिकाण असून पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे नाव तिथल्या मंदिराच्या बांधकामाशी जोडलेले आहे. नरसिंहाची कथा कायदेपंडिताच्या नजरेने वाचली तर ती विलक्षण ठरते. हिरण्यकशिपूला मिळालेला वर म्हणजे एक काटेकोर दस्तऐवज आहे: माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, घरात नाही आणि बाहेर नाही, अस्त्राने नाही आणि शस्त्राने नाही. देव तो वर मोडत नाही. त्यातली सांद शोधतो आणि उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नखांनी काम उरकतो. बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने आयुष्य घालवलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘मंत्रभागवता’त भागवताची कथा आर्यांमध्ये बांधली, तेव्हा कऱ्हाकाठच्या श्रोत्यांना हा सांदीतला न्याय परिचितच होता. पुढच्या काळातील मराठी भुताखेतांच्या कथेत ‘अमुकच ठिकाणी वार केला तर मरेल’ अशी जी अट वारंवार येते, तिचे मूळ केवळ विलायती व्हँपायरच्या छातीत ठोकलेल्या खुंटीत शोधणे म्हणूनच अपुरे आहे.

गावगाड्यात कायदा आणि बेकायदा यांच्यामधली रेषा तर आणखी पुसट होती. रखवालीचे काम परंपरेने रामोशी समाजाकडे असे आणि त्याबद्दल त्यांना गावाकडून हक्क मिळत. चोरी झाली की रखवालदाराने चोराचा माग, म्हणजे पावलांचे ठसे, काढत जायचे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाच्या रखवालदारावर जाई, आणि माग जिथे हरवेल तिथल्यांनी नुकसान भरून द्यावे असा रिवाज होता. या व्यवस्थेत चोरांची रीत ठाऊक असणे ही रखवालदाराची पात्रता होती, त्यामुळे पहारेकरीच दरोडेखोरांना सामील असतात अशी तक्रार इंग्रज अधिकाऱ्यांनी केली तेव्हा ती अर्धीच खरी होती. जुने हक्क काढून घेतल्यावर तीच माणसे रानात गेली, हा उरलेला अर्धा भाग त्यांच्या अहवालांत दबक्या आवाजात येतो. पुरंदरच्या परिसरात भिवडी इथे जन्मलेले उमाजी नाईक (१७९१–१८३२) हे या स्थित्यंतराचे सर्वांत मोठे उदाहरण होय. किल्ल्याच्या रखवालीशी निगडित घराण्यातल्या या नायकाने स्वतःला राजा म्हणवून घेतले, १८३१ साली इंग्रजी सत्तेविरुद्ध जाहीरनामा काढला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी पत्करली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक लिहून त्यात उमाजींचे चरित्र दिले, म्हणजे सरकारच्या लेखी गुन्हेगार असलेला हा माणूस फाशीनंतर वर्षभरातच पुस्तकाचा विषय झाला. लोकमानसात त्यांच्यामागे खंडोबाचे पाठबळ उभे होते. कायदा मोडणाऱ्याला देवाची संमती, हे सूत्र इथे प्रत्यक्ष इतिहासात तयार झालेले दिसते.

इंग्रजी अंमलाने पुराव्याची व्याख्या बदलली. दिव्ये बंद झाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने आणि १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायालयापुढे काय सिद्ध होऊ शकते हे नव्याने ठरवले. दैवी कोप हा विषय दंड संहितेत आला तो एका खास रूपात. २०२४ साली ही संहिता रद्द होईपर्यंत तिचे कलम ५०८ असे सांगत होते की एखाद्याला दैवी अवकृपेची भीती घालून त्याच्याकडून काही करवून घेणे किंवा त्याला काही करू न देणे हा गुन्हा आहे, आणि उदाहरणादाखल दारात धरणे धरून बसणाऱ्याचा आणि स्वतःचे मूल मारण्याची धमकी देणाऱ्याचा उल्लेख करत होते. धरणे हा महाराष्ट्रातल्या सावकारांचा आणि थकलेल्या पगारासाठी अडून बसणाऱ्या शिपायांचाही जुना उपाय होता. नव्या कायद्याने देवाच्या कोपाबद्दल मत दिले नाही, कोपाच्या भीतीला मात्र आरोपपत्रात जागा दिली. तिथून पुढे करणी सिद्ध होणे अशक्य झाले आणि करणीचा धाक घालणे तेवढे सिद्ध होण्याजोगे राहिले. अलौकिक गुन्हेकथेचा आधुनिक नायक ज्या पोकळीत जन्मला ती पोकळी ही होय.

कागदाच्या या राज्याचा अनुभव या मुलखाने फार लवकर घेतला. मुंबई इलाख्यातील नव्या जमीनमोजणीचा आणि महसूल आकारणीचा प्रयोग इंदापूर तालुक्यात झाला. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास केलेली आकारणी जड ठरून जमिनी ओस पडल्या, आणि १८३६ साली गोल्डस्मिड आणि विन्गेट यांनी तिथेच तीस वर्षांची नवी आकारणी लागू केली, जी पुढे इलाखाभर नमुना ठरली. ती मुदत संपल्यावर महसूल वाढला, कापसाचे भाव कोसळले, आणि शेतकरी सावकाराच्या खतात, म्हणजे कर्जरोख्यात, अडकत गेले. न्यायालयात सावकाराच्या हातचा अंगठा उठवलेला कागद बोलत होता आणि कुणब्याचे तोंडी म्हणणे मुके राहत होते. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले, आणि हा वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावात माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा खते हस्तगत करण्यावर भर होता, हे सरकारच्या चौकशी आयोगालाही नोंदवावे लागले. दंगेखोरांनी पुराव्यावरच हल्ला केला होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली, म्हणजे सुप्याच्या जमावाने बेकायदा मांडलेला मुद्दा चार वर्षांनी कायद्यात आला.

छापील मराठी कथेने यातले फारसे काही उचलले नाही. गो. ना. दातारशास्त्री यांनी ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’ आणि ‘चतुर माधवराव’ यांसारख्या कादंबऱ्यांतून इंग्रजी रहस्यकथेला मराठी पोशाख चढवला, त्यात भुयारे, कपटी कारभारी आणि वेषांतरे भरपूर आहेत. कायद्याबाहेरच्या नायकाला खरा वाचकवर्ग मिळवून दिला तो बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव; त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या काळापहाड व झुंजार या नायकांनी भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांमधून मराठी वाचकांच्या दोन पिढ्या सांभाळल्या. काळापहाड हा दुष्ट धनिकांना लुटणारा आणि पोलिसांना चकवणारा सभ्य चोर आहे. त्याच्या जगात भूत दिसलेच तर ते शेवटी पडद्यामागचा माणूस निघते, कारण अर्नाळकरांचा विश्वास चातुर्यावर होता. त्यांचा काळ हा बारामती-इंदापूरच्याही बदलाचा काळ आहे: नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले होते, दौंड-बारामती हा लहान रूळमार्ग १९१४ साली सुरू झाला, आणि १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. बागाईत आणि पगार यांच्यासोबत रात्री वाचायला फुरसत असलेला वर्गही इथे वाढत गेला.

एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. काळापहाड हा पांढरपेशा वाचकाच्या स्वप्नातला चोर आहे, आणि त्याच वेळी याच जिल्ह्यात पारध्यांसारख्या जमातींतील माणसांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला होता, जो १९५२ साली रद्द होईपर्यंत कायम राहिला. लुटारूला नायक करणाऱ्या कथेने त्या माणसांकडे पाहिले नाही. ते काम अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ या कादंबरीत (१९५९) केले, जिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिराही कायद्याबाहेरचा नायक आहे, त्याच्या मागेही देवदेवता आणि गावाच्या सीमेचे श्रद्धाविश्व उभे आहे, परंतु त्याची लूट भुकेल्यांसाठी आहे आणि त्याचा शत्रू हाडामांसाचा आहे. वाङ्मयीन मोल पाहिले तर अर्नाळकरांचे संपूर्ण कपाट ‘फकिरा’च्या पुढे हलके पडते.

अलौकिकाला गुन्ह्याशी खऱ्या अर्थाने जोडले ते नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. धारप विज्ञानशाखेचे पदवीधर होते, आणि त्यांच्या कथेत भुताचे वर्णन करतानाही प्रयोगवहीतली शिस्त जाणवते. त्यांनी निर्माण केलेला ‘समर्थ’ हा नायक, आणि त्याच्या हकिकती सांगणारा अप्पा जोशी, ही जोडी म्हणजे मराठीतली अलौकिक तपासाची पहिली सुसंगत मालिका म्हणता येईल. समर्थ धंदेवाईक मांत्रिक नाहीत. त्यांचे सामर्थ्य साधनेतून आलेले आहे आणि ते वापरण्याला नीतीचे नियम आहेत. पीडित कुटुंब पोलिसांकडे जात नाही, कारण तक्रार काय नोंदवायची हेच त्याला समजत नाही. घरात काही तरी वावरते आहे, ही फिर्याद कोणत्या कलमाखाली घ्यायची? अप्पांची भूमिका इथे महत्त्वाची आहे. ते साक्षीदार आहेत, परंतु त्यांची साक्ष फक्त वाचकापुढे चालते. जुन्या गोतसभेची जागा धारपांनी वाचकाला दिली असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. समर्थांची झुंजही दिव्याच्या जवळ जाणारी आहे: शरीर आणि निष्ठा पणाला लावून खऱ्याखोट्याचा निकाल लागतो, आणि तो निकाल सही-शिक्क्याशिवाय सगळ्यांना मान्य होतो. धारपांनी स्टीफन किंगसारख्या परदेशी लेखकांच्या कथाबीजांवर अनेकदा हात मारला ही गोष्ट खरी असली, तरी समर्थांच्या बाबतीत चौकट देशी राहिली. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती आणि त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीवर आधारलेली ‘ग्रहण’ ही दूरचित्रवाणी मालिका आली, त्यामुळे ज्या लेखकाला समीक्षकांनी हयातीत फारसे जवळ केले नाही त्याचे नाव मृत्यूनंतर दहा वर्षांनी पुन्हा चर्चेत आले.

पडद्यावरचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण मात्र विनोदी आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात तात्या विंचू हा गुंड मरतेसमयी मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. कल्पना अमेरिकी चित्रपटाची असली तरी बोलक्या बाहुल्यांचा खेळ रामदास पाध्ये यांचा, म्हणजे अस्सल इथला आहे. नायक इथे पोलीस अधिकारी आहे, परंतु पोलीस असण्याचा त्याला उपयोग होत नाही. खुनाचा संशय बाहुल्यावर न जाता लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेल्या भोळ्या लक्ष्यावर येतो, कारण लाकडाचा बाहुला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करता येत नाही. शेवटी अधिकाऱ्याला कायद्याचे पुस्तक मिटून बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध नेम धरावा लागतो. हिरण्यकशिपूच्या वरातली सांद इथे बंदुकीच्या गोळीएवढी झाली आहे.

या साऱ्या निर्मितीत बारामती-इंदापूर जवळजवळ नाही. मराठी भयकथेने भुते कोकणाला दिली, गुन्हे मुंबईला दिले, आणि देशावरच्या पठाराला तमाशा आणि पाटलाचा वाडा देऊन वाटेला लावले. २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या दूरचित्रवाणी मालिकेने कोकणाचा हा मक्ता आणखी पक्का केला. वास्तविक १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातली गावे गेली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर पुन्हा वर येते. बुडालेले शिवार, हरवलेला माग आणि जळालेले रोखे एवढी सामग्री असताना लेखकांनी दुसरीकडे पाहावे, हे आळसाचे लक्षण आहे.

नव्या लेखकाला आता आणखी एका कायद्याशी सामना करावा लागेल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने नरबळी, अमानुष अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून फसवणे आणि करणीच्या नावाने दहशत बसवणे अशी कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. पेशव्यांच्या सरकारने करणी खरी मानून चेटूक करणाऱ्याला धरले होते. आजचे सरकार करणी खोटी मानून तसा दावा करणाऱ्याला धरते. समर्थांसारखा नायक आज उभा केला तर त्याला पिशाच्चाइतकेच इंदापूरच्या पोलीस निरीक्षकालाही उत्तर द्यावे लागेल, आणि कथेला खरी धार तिथेच येईल. तेव्हा मालिकांच्या लेखकांनी पुढचे कथाबीज परदेशातून आणण्याआधी एकदा गुण्यांचा ग्रंथ आणि पेशव्यांच्या रोजनिशी उघडाव्यात.